राखाडी पाइपातला भाडेकरू

थोरली जेवते कधी, हा प्रश्न आईच्या डोक्यातून काही केल्या जात नव्हता.

तसा आईकडे पुरावा काहीच नव्हता. डबा रोज रिकामा परत यायचा. पण तो इतका लख्ख घासून यायचा की त्यात अन्न होतं की नव्हतं हेही कळू नये. एकदा आईने झाकण उघडून वास घेऊन पाहिला. साबणाचा वास आला. शेजारी भाजी चिरत बसलेली सूनबाई मान वर न करता म्हणाली, "आई, आता डब्याला बोलतं करणार का?"

"अगं, खाल्लेलं अंगी लागलेलं दिसतं. तिच्या गालांची हाडं बघ जरा."

"ताईंच्या गालांची हाडं माझ्या लग्नाच्या फोटोतही अशीच आहेत. तेव्हा तर त्या पंगतीत माझ्या समोर बसून जेवल्या होत्या."

"समोर बसली होती. जेवली का ते तू बघितलंस?"

"नाही. माझं लग्न होतं."

आईला हे पटलं नाही. थोरली या घरी राहायला येऊन महिना होत आला होता आणि एकदाही ती सगळ्यांबरोबर ताटावर बसलेली आईला आठवत नव्हती. कधी तिची कामाची पाळी असे, कधी झोप, कधी "तुम्ही घ्या, मी घेते मागाहून." मागाहून म्हणजे कधी, ते कुणी पाहिलेलं नव्हतं.

थोरली बंदरावर क्रेन चालवते. जहाजातले कंटेनर उचलून धक्क्यावर ठेवणारी, चार पायांची, उंच क्रेन. माथ्यावर एक केबिन असते आणि तिच्या जमिनीलाही काच असते, कारण सगळं काम पायांखाली बघत करायचं. वर मोबाइल न्यायची परवानगी नाही. डबा नेता येतो. आई एकदा हट्टाने बंदराच्या फाटकापर्यंत जाऊन बघून आली होती. आभाळाला टेकलेलं ते धूड, त्याच्या टोकाला काडेपेटीएवढी खोली, आणि त्या खोलीत आपली मुलगी.  दुसऱ्या दिवशी तिने थोरलीला एवढंच विचारलं, "वर पंखा आहे का गं?"

खरं तर आईला नवल वाटायला नको होतं. लहानपणी पाहुणे आले की थोरली माळ्यावर जायची. खाली चहा, गप्पा, "मुलगी कुठाय, मुलगी कुठाय," आणि मुलगी गाद्यांच्या ढिगाऱ्यावर वाटी मांडीत घेऊन पालथी पडलेली. तिचे वडील तेव्हा म्हणायचे, "असू दे. तिला वरून जग बरं दिसतं." ते गेले, आणि मुलगी खरोखरच वर जाऊन बसली. लग्नाचं विचारणारे विचारून दमले, ती नाही म्हणून दमली नाही. चाळिशी आली. स्वतःच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या, एका पुस्तकबांधणीच्या दुकानावर, जिथे दिवसभर खळीचा वास आणि कागद कापायच्या यंत्राचा आवाज. आईला ती जागा पहिल्यापासून आवडली नाही. "खळीच्या वासाने भूक मरते," असं तिचं म्हणणं होतं.

त्या खोल्यांमध्ये थोरलीने मासे पाळले.

साधेसुधे नव्हेत. आफ्रिकेतल्या मोठ्या तळ्यांमधले सिक्लिड. हळदीसारखे पिवळे, शाईसारखे निळे, अंगावर काळे पट्टे ओढलेले. रूप असं की बघत राहावं, आणि स्वभाव असा की त्यापेक्षा नळावरचं भांडण बरं. प्रत्येकाचा एक दगड ठरलेला, त्या दगडामागची बोळ त्याची, आणि कुणी नुसतं समोरून गेलं तरी तो अंगावर धावून जायचा. यांच्यातच थोरलीने एक वाम आणून सोडली. हातभर लांब, बोटाएवढी जाड, तपकिरी, टोकदार नाकाची. दुकानात कोपऱ्यातल्या काचेच्या पेटीत कित्येक महिने पडून होती. कुणी घेईना, कारण ती दिसायचीच नाही.

"ताई, हे बसायचं नाही," दुकानदाराने स्वच्छ सांगितलं होतं. "हे गुंड तिला खाऊ देणार नाहीत. नाही तर ती पेटीतून बाहेर पडेल. आणि दोन्ही झालं तर मला सांगायला येऊ नका."

थोरली ते सांगायला कधी गेली नाही. तिने टाकीत बारीक वाळू घातली, कारण वाम वाळूत शिरते आणि खडीने तिचं अंग सोलवटतं. नळाच्या कामातला राखाडी प्लास्टिकचा एक पाइप दगडांमागे आडवा ठेवला. झाकणातून जिथे तारा आणि नळ्या आत जातात त्या भोकात स्पंजचा बोळा कोंबला, कारण वामेला बोटभर फट पुरते. सिक्लिडना ती दिव्याच्या उजेडात त्यांचा हिरवा दाणा घालायची. तो खाऊन झाला की दिवा बंद करून टाकीवर जाड चादर टाकायची. मासे अंधारात गप्प झाले की चादरीखाली हात घालून, लांब चिमट्याने कोळंबीचा तुकडा थेट पाइपाच्या तोंडाशी धरायची. आतून नाक यायचं, तुकडा जायचा, नाक जायचं. आठ वर्षं हे चाललं होतं.

थोरलीच्या भाचीने, म्हणजे धाकट्या भावाच्या मुलीने, त्या वामेला नाव दिलं भाडेकरू. ही मुलगी दुसरीत होती, घरात तिला मिरची म्हणत आणि ते उगाच नव्हतं. "भाडं देत नाही, कुणाला दिसत नाही आणि खोली सोडत नाही," असा तिने खुलासा केला. आजी हसली, पण मनातल्या मनात तिला कुठेतरी टोचलं.

मग थोरली आजारी पडली. न्यूमोनिया. ताप अंगात घेऊन चार दिवस ती त्या खोल्यांत पडून होती आणि आईला कळलं ते बंदरावरच्या तिच्या एका सहकाऱ्याकडून, तेही तिला दवाखान्यात हलवल्यावर. आई खाटेजवळ जाऊन उभी राहिली, ती रागावलेलीच.

"मला का नाही कळवलंस?"

थोरली धापा टाकत म्हणाली, "तू आली असतीस."

 दवाखान्यातून आई तिला थेट धाकट्याच्या घरी घेऊन आली. आई स्वतः तिथेच राहत असे. आठ दिवसांनी टाकीही आली, पाणी बादल्यांत, मासे पिशव्यांत, दगड पोत्यात. मिरचीची खोली आत्याला मिळाली आणि मिरचीची गादी आजीच्या खोलीत गेली.

टाकी दिवाणखान्यात मांडताना थोरलीने दगड जुन्या जागी ठेवले नाहीत. सगळे उलटेपालटे रचले. मिरचीने विचारलं, "असं का?"

"नव्या जागी आणलं किंवा नवा मासा सोडला, की सगळ्यांचे दगड हलवायचे. म्हणजे हे माझं, हे तुझं असं कुणालाच म्हणता येत नाही. सगळेच नवे. मग भांडण कमी होतं."

मिरचीने थोडा विचार केला. "आजी, आत्या आली तेव्हा आपण कुणाचे दगड हलवले? फक्त माझे."

"चल, अभ्यासाला बस," आजी म्हणाली.

थोरली बरी झाली, कामावर जाऊ लागली. तिच्या दोन खोल्या अजून तिच्याच नावावर होत्या. घरमालकीणबाईंनी महिनाअखेरपर्यंत थांबायचं कबूल केलं होतं. थोरलीला वर फोन लागत नाही म्हणून त्या आईला फोन करीत. "काय ठरलं तिचं? विचारणारे पुष्कळ आहेत. पण पोरगी चांगली आहे, म्हणून मी थांबले."

आईने थोरलीला विचारलं. थोरली म्हणाली, "तू म्हणशील तसं."

आईला काय म्हणायचं होतं ते उघड होतं. मुलगी डोळ्यांसमोर राहावी. चार घास गरम पोटात जावेत. पुन्हा कुणा परक्याने "तुमची मुलगी दवाखान्यात आहे" असं सांगू नये. तरी तिने घरमालकीणबाईंना लगेच "खोल्या दुसऱ्याला द्या" असं सांगितलं नाही. "कळवते," एवढंच म्हणाली. का, ते तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं. कदाचित खोल्या आपोआप हातच्या गेल्या तर बरं, म्हणजे निर्णय आपल्या माथी नको, असंही असेल.

आणि दुसरीकडे तिने थोरलीला आपलंसं करायचा चंग बांधला. खोलीला नवे पडदे लावले. थोरली दिवसा झोपली की दार किलकिलं करून बघायचं, ताप नाही ना. उठली की, "जेवलीस का?" बाहेर निघाली की, "जेवून जा." परत आली की, "काही खाल्लंस?" धाकट्याने एकदा म्हटलंही, "आई, तू विचारतेस तेवढ्यात माणूस दोनदा जेवेल."

सूनबाई मात्र एक दिवस कपड्यांच्या घड्या घालताना हळूच म्हणाली, "एक सांगू का? रागावू नका. ताई घरात शिरतात ना, तेव्हा चपला हातात घेऊन आत येतात. दारातून खोलीपर्यंत. आवाज होऊ नये म्हणून."

"मग? शहाणी आहे ती."

"शहाण्या आहेतच. पण आपल्या घरात कुणी असं चालत नाही. असं पाहुणा चालतो."

 आईच्या हातातली घडी विस्कटली म्हणून तिने ती पुन्हा घातली.

सफाईचं वेड आईला त्यानंतरच्या एका सकाळी आलं. थोरली कामावर गेली होती. टाकीसमोर उभं राहिल्यावर आईला तो पाइप दिसला. शेवाळाने हिरवा झालेला, गटारातून काढून आणल्यासारखा. दिवाणखान्यात, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर. आणि झाकणाच्या कोपऱ्यात तो काळपट, बुळबुळीत स्पंज. एवढी देखणी टाकी आणि तिच्यात हे. मुलगी दमून येते, तिला कुठे वेळ असतो, असं म्हणत तिने पदर खोचला. हात घालून पाइप हलकेच तिरपा केला, भाडेकरू सळकन वाळूत शिरला. पाइप घासून गच्चीत उभा केला, त्यात झाडू बसला छान. स्पंज कचऱ्यात गेला. पाइपाच्या जागी तिने बाजारातून हौसेने आणलेला मातीचा एक किल्ला ठेवला, बुरूज असलेला, पुढून मागून उघडा. मासे त्याच्या भोवती फिरू लागले तशी तिला धन्य वाटलं. थोरली आल्यावर बघेल आणि हसेल, असं तिला वाटलं.

दुपारी सूनबाई मिरचीला शाळेतून आणायला गेली. आई स्वयंपाकघरात आली तर तांदळाच्या पिंपामागे नाडीसारखं काहीतरी पडलं होतं. सुकलेली, धूळ चिकटलेली नाडी. सूनबाईचा वेंधळेपणा, असं मनात म्हणत ती उचलायला वाकली, आणि नाडीचं एक टोक अगदी किंचित हललं.

आईला सापाचंच काय, गोगलगाईचंही भय. ती दोन पावलं मागे सरली. मग तिला टोकदार नाक दिसलं.

हाक मारायला घरात कुणी नव्हतं. थोरलीला फोन लागणार नव्हता. ती कुठेतरी आभाळात बसून पायांखालचे कंटेनर बघत असणार. आईला एवढंच आठवलं की थोरली मिरचीला सांगत होती, माशाला कोरडा हात लावू नये, त्याच्या अंगावरचं बुळबुळीत पातळ कवच निघून जातं. तिने नळाखाली दोन्ही हात कोपरापर्यंत भिजवले, डोळे अर्धे मिटले आणि भाडेकरूला उचललं. तो तिच्या अपेक्षेपेक्षा जड होता. टाकीशेजारी थोरली एका बादलीत नळाचं पाणी भरून ठेवत असे, दिवसभर उघडं ठेवलं की त्यातलं औषध उडून जातं म्हणून. घरात त्याला शिळं पाणी म्हणत. त्यात तिने त्याला सोडला. टाकीत नको, एवढं तिच्या ध्यानात आलं. कारण काचेजवळ गेल्यावर तिला दिसलं की त्याच्या शेपटाची कड कुरतडलेली आहे, आणि किल्ल्याच्या पुढच्या दारात निळा बसलाय, मागच्या दारात पिवळा.

भाडेकरू बादलीच्या तळाशी कडेला अंग लावून पडला. कल्ल्याशी मध्येच काहीतरी हलायचं, मध्येच नाही. आई उभी राहिली. मग धावत गच्चीत गेली, झाडू भिरकावला, पाइप घेतला. सकाळी तो आपणच साबणाने घासला हे तिला आठवलं. तिने तो नळाखाली धरला, पुन्हा धरला, हुंगला, पुन्हा धरला. डबा हुंगला होता तसाच. साबणाचा वास पार गेल्यावर तिने पाइप बादलीत आडवा ठेवला.

बराच वेळ काही झालं नाही. आई बादलीजवळ फरशीवर बसून राहिली. मग नाक पुढे आलं, पाइपाच्या कडेला लागलं, आणि तो हळूहळू, सगळाच्या सगळा, आत गेला. शेवटी शेपटाची कुरतडलेली कडही गेली. बाहेरून काहीच दिसेना. आणि गंमत अशी की तो दिसेनासा झाल्यावरच आईच्या जिवात जीव आला.

थोरली आली तेव्हा आई तिथेच बसलेली होती. चपला थोरलीच्या हातात होत्या. आईने त्या पाहिल्या.

"मी तुझा पाइप काढला," आई म्हणाली. "स्पंजही टाकला. घाण दिसत होतं. तो तांदळाच्या पिंपामागे सापडला मला."

थोरली गुडघ्यांवर बसली, बादलीत डोकावली. बोटांची टोकं भिजवून तिने पाइपाच्या तोंडाशी पाणी हलवलं. नाक बाहेर आलं नाही, पण आत काहीतरी किंचित सरकलं. तसे तिचे खांदे खाली आले.

"आहे," ती म्हणाली. "तूच उचललास? हाताने?"

"मग काय पळीने उचलू?"

थोरली हसली. या घरी आल्यापासून पहिल्यांदा मोठ्याने हसली. चपला अजून तिच्या एका हातात होत्या. हसता हसता त्या खाली पडल्या, फटकन आवाज झाला.

"किल्ला चांगला आहे," ती म्हणाली. "पण त्याला दोन दारं आहेत. आणि आत पोटाला उजेड लागतो. याला सगळीकडून अंगाला काहीतरी टेकलेलं लागतं."

आईने विचार करून ठेवलं होतं तेच वाक्य तिच्या तोंडून निघालं. "तूपण तशीच आहेस."

"नाही गं आई. मी वाम नाही." थोरलीने पदराला हात पुसल्यासारखे आपल्या कामाच्या विजारीला पुसले. "मी उपाशी राहत नाही. मी वर केबिनमध्ये जेवते. रोज. खाली जहाज असतं, समोर समुद्र असतो आणि कुणी विचारत नाही. चार घास जास्तच जातात. डबा तिथेच धुते, कारण नाही तर दिवसभर वास येतो."

"आणि इथे?"

थोरलीने खाली पडलेल्या चपला जुळवून ठेवल्या.

"इथे घास तोंडाशी नेला की सगळे माझ्या तोंडाकडे बघता. तुम्ही प्रेमानेच बघता. मग मला गिळता येत नाही."

आईला बोलायचं पुष्कळ होतं. ताप आला तर, पडलीस तर, दार आतून बंद असलं तर.  पण बादलीतल्या पाइपाकडे नजर गेली आणि तिने ते मनातच ठेवलं.

"घरमालकीणबाई विचारत होत्या," ती म्हणाली. "उद्या कुणीतरी खोल्या बघायला येणार म्हणाल्या. काय सांगू?"

"तू म्हणशील तसं," थोरली म्हणाली.

हे तिने इतक्या वर्षांत किती वेळा म्हटलं असेल. माळ्यावरून खाली उतरवताना, शाळा बदलताना, दवाखान्यातून निघताना. प्रत्येक वेळी आईला वाटलं होतं, पोरगी किती समजूतदार. आज तिला पहिल्यांदा ऐकू आलं की त्यात पोरीचं स्वतःचं काहीच नसतं.

जिन्यावर मिरचीची बडबड ऐकू आली. थोरलीने हाक मारून तिला चिमटा आणि चादर आणायला सांगितली, मग आईला म्हणाली, "त्याला आज इथेच राहू दे. बादलीवर ताट ठेवू, वर वरवंटा. टाकीत घालायचा तर आधी दगड हलवावे लागतील."

"सगळे?" आईने विचारलं.

"सगळे."

आई उठली. गुडघे धरले होते, भिंतीचा आधार घेत उठली. थोरलीच्या खोलीच्या दारात आली, तर आत नवे पडदे, गादीवर ताणून घातलेली चादर, आणि कोपऱ्यात थोरलीची पिशवी, महिनाभर न उपसलेली. तिने आत पाऊल टाकलं नाही.

स्वयंपाकघरात सूनबाई मिरचीचा डबा घासायला घेत होती. आईने फडताळावरचा आपला मोबाइल घेतला, चष्मा शोधला, तो डोक्यावरच होता.

"कुणाला लावताय आई?"

"घरमालकीणबाईंना. उद्याच्या लोकांना नको म्हणून सांगते. आणि खालच्या त्या पुस्तकबांधणीवाल्याचाही नंबर मागून घेते." ती नंबर शोधत जरा थांबली. "तो सकाळी दुकान उघडतो ना, तर वर दिवा दिसला का, एवढंच मला सांगेल. तिला काही विचारायचं नाही म्हणावं. अगदी काही नाही."

तिने बटण दाबलं आणि फोन कानाला लावला.